दिसत नसलेला पण ठणकणारा डोळा काढणे आणि आत बॉल बसवणे : माहिती हवी आहे

बोरीकाठ
मंडळी, नमस्कार. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.
आमचे आबा, वय 68, अमळनेर तालुक्यात शेती. साखर जुनी. उजव्या डोळ्याच्या पडद्याची शीर चोंदली होती. इंजेक्शनं झाली, लेसर झाला, तरी डोळ्यात नको त्या शिरा वाढल्या आणि प्रेशर चढलं. आता त्या डोळ्याला उजेडसुद्धा कळत नाही. प्रेशर 50 च्या खाली यायला तयार नाही. दिवसा कसंतरी निभतं, पण रात्री कपाळ, कानशील आणि त्या बाजूची दाढ एकदम ठणकायला लागते, कधी उलटीही होते. गावातल्या एकाने तर दाढच काढून घ्या म्हणून सांगितलं होतं.
जळगावच्या डॉक्टरांचं म्हणणं, डोळा काढून आत बॉल बसवू, नंतर वरून नकली डोळा लावू. आबा ऐकत नाहीत. "दिसत नही तरी डोया मन्हाच शे," एवढं एकच वाक्य. माय म्हणते, अर्धा देह घेऊन वर जायचं का. आणि चुलतभाऊ म्हणतो काढायचाच असेल तर काढा, पण बॉलचा खर्च कशाला, काळा गॉगल लावला की झालं.
आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, भाचीचं लग्न आहे, तोपर्यंत चेहरा नीट होईल का हाही प्रश्न आहेच. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहा. गूगलवरचे फोटो पाहून मीच घाबरलोय.

तात्पुरता चष्मा
वाचतोय. सासऱ्यांचं हेच चाललंय.

निवृत्त नेत्रवाला
ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी झाली. ऑपरेशन करणारा मी नव्हे, पण असे पेशंट पाठवले आणि परत आल्यावर तपासले ते पुष्कळ.
आबांच्या मनात तो डोळा पुन्हा दिसेल अशी आशा आहे का, हे आधी काढून घ्या. नव्वद टक्के नकार तिथून येतो, देहाबिहाचं नंतर. काचबिंदूने, म्हणजे या चढलेल्या प्रेशरने, उजेडही कळेनासा झालेला डोळा परत येत नाही, कारण डोळ्यामागची नस सुकलेली असते. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पोराने सांगितलेलं बापाला पटत नाही, आमच्याकडे तर नाहीच नाही.
आता ऑपरेशन. दोन तऱ्हा आहेत. पहिलीत पुढचं बुबुळ काढतात आणि डोळ्याच्या आतलं सगळं साफ करतात, पण बाहेरचं पांढरं कवच आणि त्याला चिकटलेले सहा स्नायू जागच्या जागी राहतात. त्या पांढऱ्या पिशवीतच बॉल ठेवून वरून टाके घालतात. याला इव्हिसरेशन म्हणतात. दुसरीत अख्खा गोळा मागची नस कापून बाहेर काढतात, मग खोबणीत बॉल ठेवून स्नायू त्याच्यावर शिवतात. ते इन्युक्लिएशन. पहिल्यात वेळ कमी लागतो आणि नंतर नकली डोळ्याची हालचाल सहसा बरी मिळते. डोळ्यात गाठ असेल किंवा तशी शंका असेल तर मात्र दुसरंच करावं लागतं, तिथे वाद नाही.
म्हणून डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, झाली आहे का ते कागदावर बघा. आबांचं बुबुळ धुरकट झालं असणार, डॉक्टरांना टॉर्चने पडदा दिसत नसणार. आत काय आहे हे न बघता नुसतं साफ केलं आणि आत गाठ निघाली तर तिच्या पेशी बाहेर पसरतात. सोनोग्राफीला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि डोळ्याला काही टोचत नाहीत.
चुलतभावाचं गणित चुकतंय. माणसाच्या डोळ्याचा व्यास साधारण 24 मिलिमीटर आणि आकारमान सुमारे 7 मिलिलिटर. तेवढा ऐवज खोबणीतून गेला की वरची पापणी आत ओढली जाते, भुवईखाली खळगा पडतो, आणि काही वर्षांनी खालची पापणी ओझ्याने लोंबायला लागते. 20 मिलिमीटरचा बॉल सव्वाचार मिलिलिटरच्या आतबाहेर जागा भरतो, उरलेली वरचा नकली डोळा भरतो. बॉल नसेल तर ती सगळी भर त्या वरच्या डोळ्यानेच घालायची, म्हणजे तो जाड आणि जड करायचा, आणि जड डोळा हलत नाही. मोठ्या माणसाला 18 ते 22 मिलिमीटरमधला बॉल बसतो, कोणता ते सर्जन टेबलावर मापून ठरवतात. नंतर कधीतरी बॉल टाकता येतो, पण तोवर आतली जागा आक्रसलेली असते आणि काम अवघड होतं. खर्च वाचवायचा तर दुसरीकडे वाचवा.

केळीवाला
काका, बॉल कसला असतो? आमच्याकडे एकाला "पोवळ्याचा बसवतो" सांगितलं होतं, आम्हाला वाटलं ज्योतिषी मध्ये आला.

निवृत्त नेत्रवाला
हा हा. समुद्रातल्या पोवळ्यापासून केलेला बॉल खरोखर असतो, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा. 1980 च्या दशकात तो वापरात आला. त्याला बारीक छिद्रं असतात, शरीरातल्या रक्तवाहिन्या त्यात वाढतात आणि तो आत धरला जातो. सच्छिद्र पॉलिएथिलीनचाही मिळतो. हे दोन्ही महाग. साधा गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकचा बॉल, पीएमएमए म्हणतात तो, बराच स्वस्त असतो आणि आजही भरपूर वापरतात. सच्छिद्र बॉल खरखरीत असल्याने वरची कातडी घासून उघडा पडण्याचा त्रास कधीकधी होतो. महाग तोच चांगला असं इथे नाही. सर्जनचा हात ज्यावर बसलाय तो घ्यावा.

इतिहासात रमणारा
अवांतर आहे, पण राहवत नाही. आत बॉल ठेवायची कल्पना 1885 सालची. मँचेस्टरच्या म्यूल्स नावाच्या डॉक्टरने डोळा आतून साफ करून पोकळ काचेचा गोळा ठेवला. त्याआधी खोबण तशीच सोडत. आणि वरचे नकली डोळे एकेकाळी जर्मनीतल्या लाउशा गावचे काच फुंकणारे कारागीर करायचे, अर्ध्या जगाला तिथूनच जात. दुसऱ्या महायुद्धात तो माल बंद झाला तेव्हा अमेरिकेतल्या लष्करी दंतवैद्यांनी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमधून डोळे करायला घेतले. आज आपल्याकडे ज्याला लोक काचेचा डोळा म्हणतात तो बहुतेक वेळा याच अ‍ॅक्रिलिकचा असतो, म्हणून हातातून पडला तरी सहसा फुटत नाही.

चोपड्याची माहेरवाशीण
बोरीकाठ दादा, मी स्वतः लावते, म्हणून सविस्तर लिहिते. शाळेत असताना शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायला गेले होते. एक पऱ्हाटी झटक्यात निघाली आणि तिचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. डोळा टिकला पण नजर गेली, मग वर्षानुवर्षं तो बारीक होत होत सुकला आणि दुखायला लागला. लग्नानंतर काढला. सासरचे काय म्हणतील याची धास्ती होती. सासूबाईंनीच पुढाकार घेतला, हे मुद्दाम लिहितेय.
फोटो पाहून घाबरला आहात ना? ते फोटो ऑपरेशन चालू असतानाचे असतात. जखम भरल्यावर तिथे भोक वगैरे काही दिसत नाही. बॉल आत खोल असतो, त्याच्यावर गुलाबी कातडी शिवलेली असते, अगदी गालाच्या आतल्या बाजूसारखी ओलसर आणि गुळगुळीत. मला पहिल्यांदा आरसा दाखवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, म्हणजे एक मिटला आणि दुसऱ्याची पापणीही मिटली! मग हसू आलं आणि बघितलं.
भूल मला पूर्ण दिली होती. आबांचं वय आणि साखर बघून सुन्न करण्याचं इंजेक्शन आणि वर गुंगी असंही करतात. नंतर घट्ट पट्टी. पहिले काही दिवस दुखतं आणि मळमळतं, खोटं सांगणार नाही. पण ते दुखणं रोज थोडं उतरतं. आधीचं उतरत नव्हतं.
पट्टी काढल्यावर आत एक पारदर्शक प्लास्टिकची वाटी दिसेल, मध्ये भोक असलेली. कन्फॉर्मर म्हणतात. पापण्यांच्या मागची जागा आवळून जाऊ नये म्हणून ती असते. माझी एकदा तोंड धुताना बाहेर आली आणि मी घर डोक्यावर घेतलं. तसं काही करायचं नाही. स्वच्छ धुऊन ठेवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा, ते बसवून देतात. पण ती नाही तर नाही म्हणून तशीच राहू देऊ नका.
नकली डोळा साधारण सहा आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर. म्हणजे लग्नाचा हिशोब त्याप्रमाणे मांडा.

गावठी इलाज
एवढं कापाकापी करण्यापेक्षा डोळ्यामागे एक इंजेक्शन देतात, दुखणं जातं. आमच्या काकांना दिलं होतं. आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचे.

निवृत्त नेत्रवाला
इंजेक्शनचं बरोबर आहे. डोळ्यामागे अल्कोहोलचं इंजेक्शन देऊन दुखणाऱ्या नसा बधिर करतात. शिवाय लेसरने डोळ्यातलं पाणी बनवणारा भाग जाळून प्रेशर उतरवायचा मार्ग आहे, आणि अ‍ॅट्रोपिन व स्टेरॉइडच्या थेंबांवरही काही जण वर्षं काढतात. ज्यांना डोळा काढायचाच नाही किंवा तब्येत भूल सोसणार नाही, त्यांनी आधी हे करून बघायला काहीच हरकत नाही. बोरीकाठ, डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आबांसाठी यातलं काय उरलंय. मात्र इंजेक्शनचा असर काही महिन्यांनी ओसरू शकतो. काकांचं किती दिवस टिकलं तेही लिहा.
त्रिफळ्याने प्रेशर उतरत नाही. बुबुळावर आधीच चट्टा असेल तर कसलंही घरचं पाणी घालू नका, जखम चिघळते.

गावठी इलाज
पुढच्या उन्हाळ्यात परत दुखलं, खरं आहे. मग डोळा काढला.

तापीकाठचा घोडेवाला
सारंगखेड्याच्या बाजारात आमची ये-जा असते. घोड्याचा डोळा असा दुखरा झाला की जनावरांचे डॉक्टर काढतात आणि पापण्या कायमच्या शिवून टाकतात. खळगा दिसू नये म्हणून कातडीखाली सिलिकॉनचा गोळा ठेवणारेही आहेत. काढला की जनावर चार दिवसांत चंदी खायला लागतं, आधी मान टाकून उभं असतं. बोलता येत नाही म्हणून, नाहीतर त्यानेच डोळा काढा म्हटलं असतं. बाजारात भाव पडतो ती गोष्ट वेगळी.
राग मानू नका, आबांची बरोबरी जनावराशी करत नाही. दुखणं सारखंच असतं एवढंच.

बोरीकाठ
राग कसला भाऊ. उलट हे आबांना वाचून दाखवलं. घोड्याचं ऐकून गप्प बसले. तुमची पोस्ट बाकी सगळ्यांपेक्षा भारी पडली.
एक विचारायचं राहिलं. कोणीतरी आबांना सांगितलंय की एक डोळा ठेवला तर दुसराही जातो, आणि दुसऱ्या कोणी सांगितलंय की एक काढला तर दुसरा जातो. यात खरं काय?

निवृत्त नेत्रवाला
पहिल्यात थोडं तथ्य आहे, पण आबांच्या बाबतीत नाही असंच म्हणेन. डोळा फुटून आतला ऐवज उघडा पडला, तर क्वचित शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि चांगल्या डोळ्यावरही उलटते. सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया. अंधांची ठिपक्यांची लिपी काढणाऱ्या लुई ब्रेलचं उदाहरण नेहमी देतात. तीन वर्षांचा असताना बापाच्या खोगीर शिवायच्या दुकानात आरी डोळ्यात घुसली, आणि पुढे दुसराही डोळा गेला. म्हणून फार वाईट फुटलेला, वाचण्याची आशा नसलेला डोळा दोन आठवड्यांच्या आत काढावा असं जुन्या पुस्तकांत असायचं. आता औषधं चांगली आहेत, लगेच काढायची घाई करत नाहीत.
आबांना मार लागलेला नाही. त्यांच्या डाव्या डोळ्याला खरी भीती साखरेची आहे. त्या डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून तपासून घ्या, तोही याच चकरेत. उजव्याच्या नादात डावा तपासायचा राहून जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो.
दुसरी गोष्ट, एक काढल्याने दुसऱ्यावर ताण येऊन तो जातो, ही निव्वळ अफवा. आबा गेले कित्येक महिने एकाच डोळ्याने बघतायत, त्यात काही बदल होणार नाही.

धुळ्याचा पोऱ्या
पतौडीचा नवाब आठवा. 1961 मध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची नजर गेली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 21 व्या वर्षी, भारताचा कप्तान झाला. वेस्ट इंडिजच्या फास्ट बोलरांपुढे!

कागदपत्रवाली
खर्चाचं मी सांगते, त्यातच काम करते. भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतं का ते लेखी विचारा. ऑपरेशन, बॉल आणि नंतरचा नकली डोळा ही तीन वेगवेगळी बिलं असू शकतात. "सगळं मिळून" असं तोंडी सांगितलं की नंतर भांडणं होतात.
अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल पुढे कोणीतरी विचारेलच. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा नीट असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे 30 टक्के धरतात. बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. आबांचा डावा डोळाही साखरेने कमी झाला असेल तर टक्का वाढतो, तेव्हा तपासणीचा कागद जपून ठेवा.

रावेरची आई
थोडं वेगळं. माझ्या बहिणीच्या बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते. या धाग्यावर गाठीचं वाचलं आणि धस्स झालं.

निवृत्त नेत्रवाला
ताई, उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पुढच्या आठवड्यावर टाकू नका. लहान बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक म्हणजे मोतीबिंदू असू शकतो किंवा पडद्याची गाठ, रेटिनोब्लास्टोमा. लवकर सापडली तर कित्येकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर बाळाचा जीव वाचवायला डोळा काढावा लागतो, आणि तो मात्र अख्खा, मागच्या नसेचा लांब तुकडा घेऊन, कारण गाठ नसेतून मेंदूकडे जाते. पांढरी चमक फ्लॅशचीही असू शकते, पण ते तपासणाऱ्यालाच ठरवू द्या.

रावेरची आई
निघालोय आम्ही. धन्यवाद काका.

बोरीकाठ
अपडेट. झालं ऑपरेशन. सोनोग्राफीत गाठ नव्हती, त्यामुळे पांढरं कवच ठेवून बॉल बसवला, साध्या अ‍ॅक्रिलिकचा. रक्त पातळ करायची गोळी आबा घेतात हे आधीच सांगितलं होतं, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती थांबवली होती. साखर आटोक्यात येईपर्यंत तारीख पुढे ढकलली.
आत नेण्याआधी सिस्टरने आबांनाच विचारलं, कोणता डोळा. आबांनी उजव्यावर बोट ठेवलं. मग डॉक्टरांनी कपाळावर उजव्या बाजूला पेनाने बाण काढला. मला ते फार बरं वाटलं.
दुखणं कसं आहे विचाराल तर तिसऱ्या रात्री आबा झोपले. माय दोनदा उठून श्वास चालू आहे का बघून आली.
आता नवीन भानगड. आबा म्हणतात, पट्टी बांधलेल्या डोळ्यात कधीकधी निळा-पिवळा उजेड चमकतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या बाहेरची बाधा म्हणतायत, लिंबू उतरवून झालं.

चोपड्याची माहेरवाशीण
मलाही व्हायचं! डोळा गेला तरी मेंदूतला बघायचा भाग शाबूत असतो, तो आपलं काहीतरी दाखवत राहतो. पाय कापलेल्या माणसाला बोटं खाजतात म्हणतात ना, तेच. माझं हळूहळू कमी झालं. डॉक्टरांच्या कानावर घाला, बाकी लिंबाचं सरबत करा.
नकली डोळ्याबद्दल आता लिहून ठेवते. रेडिमेड डोळे डब्यातून निवडून देतात, स्वस्त पडतात, पण मागे पोकळी राहते, तिथे पाणी साचतं आणि चिपडं येतात. जमत असेल तर माप घेऊन करून घ्या. पुण्या-मुंबईला करणारे आहेत. कवळीसाठी माप घेतात तसं मऊ औषध घालून खोबणीचा साचा घेतात. माझ्या वेळी त्या ताईंनी मला खिडकीशी उजेडात बसवलं आणि माझ्या चांगल्या डोळ्याकडे बघत बुबुळाचे रंग एकावर एक चढवले. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे बारीक धागे चिकटवून शिरा केल्या. शेतकरी माणसाचा डोळा पांढराशुभ्र कधीच नसतो, उन्हाने पिवळा-तपकिरी झालेला असतो. आबांना सोबत बसवूनच रंग करून घ्या, नाहीतर एक डोळा म्हाताऱ्याचा आणि एक पोराचा दिसेल.
हलतो का, तर समोर बोलताना हलतो. पार कोपऱ्यात बघायचं तर मान वळवायची. बाहुली अंधारात मोठी होत नाही, पण ते कोण बघतंय.

बोरीकाठ
लग्नाला काळा चष्माच लावला, नकली डोळा त्यानंतर बसला. तुम्ही म्हणालात तसा पिवळसर केलाय, त्यांच्या बुबुळाभोवती म्हातारपणाचं फिकट कडं आहे तेही रंगवलं. आबांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "आते फोटो काढा." लग्न उरकल्यावर!
एक अडचण. आबा रोज रात्री कवळीबरोबर डोळाही काढून वाटीत ठेवतात. आणि माय तो स्पिरिटने पुसते, जंतू मरतात म्हणून.

चोपड्याची माहेरवाशीण
स्पिरिट आजच बंद करा, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि चमक जाते. उकळतं पाणीही नको. साधा साबण, कोमट पाणी, हात आधी धुवायचे. रोज काढायचीही गरज नसते, सारखं काढल्याने आतली कातडी दुखावते. मी काही आठवड्यांनी एकदा काढते, चिपडं जास्त आली तर लवकर. काढलाच तर कोरडा ठेवू नका, पाण्यात ठेवा. वर्षातून एकदा पॉलिशला न्या. चिपडं पुवासारखी हिरवट झाली, रक्त आलं किंवा आत पांढरं काही डोकावताना दिसलं तर डोळा काढून ठेवून सरळ ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा, बॉल उघडा पडत असेल.

निवृत्त नेत्रवाला
+१. आणि आबांना पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहसा न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, चष्मा करून द्या, नंबर असो वा नसो. मका काढताना, पऱ्हाट्या उपटताना, दिवाळीत फटाक्यांजवळ, चष्मा नाकावर. उजवीकडून येणारा ट्रॅक्टर त्यांना दिसत नाही, तेव्हा रस्त्याने चालताना तुम्ही त्यांच्या उजव्या हाताला.

बोरीकाठ
चष्म्याला हो म्हणालेत. स्पिरिटची बाटली मायच्या हातून काढून घेणं बाकी आहे.